दुसऱ्या बेटावरचा उद्या

हवाईतलं होनोलुलूचं बंदर, मे १८२५. तुम्ही गर्दीत उभे आहात. ‘ब्लॉन्ड’ ही ब्रिटिश युद्धनौका नांगरली आहे आणि किनाऱ्यावरून विलापाचा आवाज उठतो आहे. लंडनला गेलेले राजा कामेहामेहा दुसरे आणि राणी कामामालू तिथेच गोवरानं गेले. त्यांच्या शवपेट्या घेऊन हे जहाज आलं आहे. साऱ्यांची नजर त्या पेट्यांवर आहे. तुम्ही मात्र जरा बाजूला पाहा. याच जहाजातून रोपंही आली आहेत. वाटेत ब्राझीलला थांबून जॉन विल्किन्सन या शेतीतल्या जाणकारानं कॉफीची रोपं घेतली, ती मानोआच्या खोऱ्यात लागणार आहेत. त्याच फेरीत या बेटांवर आला स्ट्रॉबेरी पेरू. चकचकीत पानं, लहानशी लाल फळं, चवीला आंबटगोड.

रोप उतरवणाऱ्या माणसाचा हात धरावासा वाटेल. धरता येणार नाही. या प्रवासात पाहायची मुभा आहे, हात लावायची नाही. हा पेरू पुढे डोंगरच्या डोंगर व्यापणार आहे, इतका दाट की त्याच्या पोटात दुसरं काही रुजूच नये, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या माणसाला ते कळायला मार्गच नाही. फळझाड आणणं हे कुठल्याही काळात भल्याचंच काम मानलं जातं.

बंदराकडे पाठ करून डोंगर चढायला लागा. वर ओहिआ या इथल्या झाडाची लाल फुलं, झाडाएवढाली नेची, बुंध्यांवर ओलं शेवाळ. सगळ्यात जवळचा खंड इथून सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. लाखो वर्षांत वाऱ्यानं, लाटांनी किंवा पक्ष्यांच्या पोटातून जे मोजकं बी आलं, त्यातून हे रान उभं राहिलं. इथल्या मूळच्या फुलझाडांच्या जाती साधारण हजारभर, आणि त्यातल्या दहापैकी नऊ जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. या झाडांची जडणघडण होत होती तेव्हा बेटांवर पाला खाणारं जनावर नव्हतं. म्हणून रासबेरीच्या इथल्या भावकीनं काटे जवळजवळ सोडून दिले, पुदिन्याच्या कुळातल्या झाडांनी उग्र वास टाकून दिला. पान चुरडून नाकाशी धरा, काही येत नाही. याला दुबळेपणा म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. ज्या शत्रूची कधी गाठच पडली नाही, त्याच्यासाठी हत्यार परजत कोण बसतं?

आता वर्ष १९३७ आणि बेट दुसरं. ताहितीवरचं पापेआरी गाव. हॅरिसन स्मिथ हे अमेरिकी गृहस्थ, एकेकाळी एमआयटीत भौतिकशास्त्र शिकवणारे, इथे येऊन बाग करून राहिले आहेत. ठिकठिकाणची झाडं मागवायची, रुजवायची, गावकऱ्यांना रोपं वाटायची, यात त्यांचा जीव रमलेला. आज त्यांच्या बागेत मिकोनिया लागते आहे. रोप मोठं झालं की पान हातभर होतं. वरून गडद, मखमली हिरवं, त्यावर तीन फिकट ठसठशीत शिरा. पान उलटा. खालची बाजू जांभळी आहे, उन्हात अक्षरशः पेटल्यागत दिसते. फार सुंदर झाड आहे हे, आणि ते सुंदर आहे हे मनापासून मान्य केल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या मूळ रानात ते इतरांच्या दाटीत बेतानं राहतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काचघरांतही ते शोभेला होतं, आणि काचघराच्या बाहेर थंडी होती म्हणून आतच राहिलं.

ताहितीत थंडी नाही. याच बागेत थांबा आणि वर्षं जाऊ द्या. दहा जातात, वीस जातात, तीस जातात. पक्षी जांभळीकाळी बोरं खातात आणि डोंगराकडे उडतात. एका बोरात दोनशेपर्यंत बिया असू शकतात, प्रत्येक बी अर्ध्या मिलिमीटरची. रस्त्यानं जाणाऱ्याला बागेत एक देखणं झाड दिसतं, डोंगरात हिरवं रान दिसतं. कुणाची तक्रार नाही, कुठे नुकसान नाही. सगळ्यात घातकी काळ हाच असतो, आणि त्या काळात बघण्यासारखं काहीच घडत नाही. मग १९८२-८३ मध्ये चक्रीवादळं येतात, जुनी झाडं आडवी होतात, रानाच्या छताला भगदाडं पडतात आणि सावलीत कधीची दबा धरून बसलेली रोपं वर झेपावतात. शतक संपत येतं तोवर ताहितीचा सुमारे दोन तृतीयांश भाग मिकोनियानं व्यापलेला आहे.

त्या रानात जरा आत शिरा. भर दुपारी अंधारलेलं. त्या मोठाल्या पानांखाली दुसरं रोप उजेडाला मुकतं, म्हणून पायाखाली गवत नाही, नेची नाहीत, उघडी माती आहे. पानांच्या टोकांवरून पावसाचे थोराड थेंब त्या मातीवर आपटतात. झाडाची मुळं उथळ असतात, त्यामुळे उभ्या चढावर जमीनच सुटते आणि झाडांसकट खाली येते. तिथले लोक मिकोनियाला हिरवा कॅन्सर म्हणू लागले. जगात इतरत्र न सापडणाऱ्या ताहितीतल्या कित्येक वनस्पती या एका झाडामुळे नाहीशा होण्याच्या वाटेवर गेल्या.

थोडं मागे चला, १९७१ मध्ये. रेमंड फॉसबर्ग हे वनस्पतिशास्त्रज्ञ ताहितीतली मिकोनिया पाहतायत. पॅसिफिकमधल्या बेटांवर त्यांचं आयुष्य गेलेलं, हवाईची रानं त्यांना चांगली माहीत. ते म्हणाले त्याचा आशय असा, की हवाईचं मूळ रान खरोखर नष्ट करू शकेल असं एक झाड कुठलं असेल तर ते हे. या बोलण्याजवळ जरा थांबा, कारण उपरी झाडं वेळीच ओळखण्याच्या कामाचं सगळं मर्म त्यात आहे. फॉसबर्ग भविष्य वर्तवत नव्हते. हवाईचा उद्या त्यांना ताहितीच्या डोंगरावर उगवलेला दिसत होता, पानाफुलांसकट, हात लावून पाहता येईल असा. एकाच हवामानाची, एकाच घडणीची दोन बेटं असतील आणि एकावर झाड आधी पोचलं असेल, तर ते बेट दुसऱ्याच्या कितीतरी वर्षं पुढे असतं. विमानात बसा, उतरा, तुम्ही आपल्या उद्यात पोचलात. त्यासाठी यंत्र लागत नाही, ओळखणारा डोळा लागतो.

पण मिकोनिया तोवर हवाईत आलेली होती. १९६१ मध्ये ओआहू बेटावरच्या वाहिआवा वनस्पतिउद्यानात ती लागली, पुढे शोभेचं झाड म्हणून इकडेतिकडे गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माउई बेटावर हानाजवळच्या एका खासगी बागेत पोचली. १९८८ मध्ये बेट्सी गानिए या जीवशास्त्रज्ञ बाईंच्या नजरेला ती माउईवर पडली आणि त्यांनी हाक दिली. १९९१ मध्ये झाडं काढायला सुरुवात झाली, १९९२ मध्ये राज्यानं तिला उपद्रवी तणांच्या यादीत घातलं. इशारा १९७१ चा, पहिला कोयता १९९१ चा. मिकोनियाला चौथ्यापाचव्या वर्षी फळ धरतं. मधल्या वीस वर्षांचा हिशेब तुम्हीच करा. मला त्या वीस वर्षांचा राग येतो, आणि तो कुणा एकावर काढता येत नाही, कारण त्या काळात कुणी काही वाईट केलंच नव्हतं. लोक बागेत झाड लावत होते, एवढंच.

आता ओआहूवर, या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एका सकाळी, कलिहीच्या खोऱ्यात. तुम्ही आज ओआहूच्या उपऱ्या वनस्पती शोधणाऱ्या तुकडीत आहात. रानात पाऊल टाकण्याआधी सगळे वाकून बूट घासतायत. तळव्यांच्या खाचा, लेस, पॅन्टची दुमड, पाठपिशवीचा तळ. काल तुम्ही दुसऱ्या डोंगरात होता, आणि तिथलं बी आज इथे आणणारा तुमच्याहून सोयीचा वाहक दुसरा नाही. हे काम मन लावून होतं. कुणी घाई करत नाही.

मग रांग धरायची. दोघांमध्ये एवढंच अंतर की मधलं काही नजरेतून सुटू नये. प्रत्येकाकडे जीपीएस, कमरेला करवत, खांद्याशी रंगीत फितीचं रीळ. ओळ डोंगराला आडवी सरकते, आणि समोर घळ आली, कडा आला तरी शक्यतो आपली रेघ सोडायची नसते. उलुहे नावाचं इथलं नेचं छातीपर्यंत गुंतून वाढलेलं आहे, त्यावरून चालत नाहीत, पोहतात म्हणावं लागेल. पाय खाली कुठे टेकतो ते दिसत नाही. पाऊस येतो, जातो, पुन्हा येतो. डावीकडून हाक येते, तुम्ही उजवीकडे पोचवता. माणसं डोळ्यांनी नुसतं हिरवं पाहत नाहीत. एका ठरावीक हिरव्यातली तीन फिकट शिरांची नक्षी शोधतात, आणि वारा आला की जांभळी झलक. तासन्‌तास तेवढंच.

वाटेत बारीक, गुळगुळीत खोडांची भिंत लागते. ओळखलंत? १८२५ चा पेरू. दोन खोडांमधून खांदा तिरका करून घुसावं लागतं. तुमचा हात करवतीकडे जातो आणि शेजारचा मान हलवतो. याला आपण हात लावायचा नाही. इथल्या तुकडीकडे जेवढी माणसं आणि जेवढे दिवस आहेत, तेवढ्यात पेरू संपणार नाही, त्याची वेळ शे-दीडशे वर्षांपूर्वीच निघून गेली. मिकोनिया या बेटावर अजून संपवता येण्याजोगी आहे, म्हणून सगळी ताकद तिच्यावर. हा निर्णय पहिल्यांदा ऐकताना कठोर वाटतो. पण ज्यानं हरलेल्या लढाईत दिवस घालवले, त्याच्याकडे जिंकता येणाऱ्या लढाईला दिवस उरत नाहीत. घाणेरीचंही तसंच झालं. आपल्याकडे माळावर, कुंपणाला फुलते तीच घाणेरी, इथे १८५८ मध्ये शोभेला आली आणि ती आवरावी म्हणून १९०२ मध्ये अल्बर्ट कोबेले यांना मेक्सिकोला कीटक शोधायला पाठवावं लागलं.

दुपारनंतर वरच्या अंगानं हाक येते. ‘मिकोनिया!’ ओळ जागच्या जागी थांबते. घळीच्या कडेला गुडघ्याएवढं रोप आहे. मुळासकट उपटायचं, आणि खाली टाकायचं नाही. ओल्या मातीला टेकलं तर ते पुन्हा मूळ धरतं. म्हणून ते झाडाच्या बेचक्यात उलटं अडकवून ठेवायचं, मुळं हवेत वाळतील असं. मोठं झाड असतं तर करवतीनं बुंध्याशी कापून खुंटावर तणनाशक लावलं असतं. रोप किती उंच, फळाची खूण आहे का, जागा कुठली, सगळं नोंदलं जातं. रांग पुन्हा हलते.

फळलेलं झाड सापडलं, तर खरं काम तिथून सुरू होतं. मिकोनियाचं बी मातीत पंधरा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतं. झाड पाडायला काही मिनिटं, आणि त्याच्या भोवतालचं रान मोकळं झालं असं म्हणायला दीड दशकाहून जास्त. मधे एक जरी रोप नजर चुकवून फळावर आलं, तर मोजणी पुन्हा शून्यापासून. आज ज्या मुलीनं हाक दिली, तिनं लावलेल्या खुणेपाशी शेवटची फेरी मारणारी व्यक्ती आत्ता कदाचित शाळेत असेल. पक्षीही या हिशेबात आहेत. आपल्या अंगणातला लालबुड्या बुलबुल साठच्या दशकात ओआहूवर वसला, आणि मिकोनियाची फळं तोही आवडीनं खातो. एका उड्डाणात तो जेवढी दरी ओलांडतो, तेवढ्यासाठी माणसांना अख्खा दिवस चालावं लागतं. माउईच्या पूर्वेकडे कडे असे उभे आहेत की तिथे माणूस पोचतच नाही. तिथे हेलिकॉप्टरमधून, पेंटबॉलसारख्या गोळीत तणनाशक भरून एकेका झाडाचा नेम धरण्याची पद्धत हवाई विद्यापीठातल्या जेम्स लिअरी यांनी विकसित केली.

याहून स्वस्त जागा एकच, ती म्हणजे झाड बेटावर यायच्या आधीची. एका नर्सरीत चला. मालकानं नवं झाड मागवायचं ठरवलं आहे, आणि त्या जातीचं नाव आधी एका परीक्षेला बसतं. मुळात ऑस्ट्रेलियात तयार झालेली ही ४९ प्रश्नांची पद्धत कर्टिस डेहलर आणि सहकाऱ्यांनी हवाई आणि पॅसिफिकच्या बेटांसाठी जुळवून २००४ मध्ये मांडली. झाड सावलीत वाढतं का, बी पक्षी नेतात का, तोडल्यावर फुटतं का, किती वर्षांत फळतं, अशी ती चौकशी चालते. गुण सहाच्या वर गेले तर धोका मोठा. त्यात मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते अगदी साधे प्रश्न. हे झाड आणखी कुठे रानात शिरलं आहे का? तिथे त्यानं काय केलं? फॉसबर्गनी ताहितीत जे केलं, ते इथे कागदावर कुणालाही करता येतं. आधीच रुजलेल्या, ज्यांचा निकाल माहीत आहे अशा झाडांवर ही पद्धत पडताळून पाहिली, तेव्हा मोठ्या उपद्रवी वनस्पतींपैकी ९५ टक्के तिनं बरोबर पकडल्या. म्हणजे भूतकाळात जाऊन तोच प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळालं. नर्सरीवाल्यांवर सक्ती फारशी नाही. धोक्याची झाडं विकणार नाही अशी हमी ‘प्लांट पोनो’ या उपक्रमात काही जण आपण होऊन देतात. त्या माणसांविषयी मला फार आदर आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना, खपणारं झाड ठेवायचं नाही म्हणणं सोपं नसतं.

आणि आता जानेवारी २०११. ओआहूचं उत्तर टोक, काहुकू, अमेरिकी लष्कराचं सरावक्षेत्र. तुम्ही गाडीच्या मागच्या सीटवर आहात. पुढे दोन वनस्पतितज्ज्ञ. एक माणसाच्या चालीनं गाडी चालवतो आहे, दुसरी काठावरचं एकेक पान पाहते आहे. बेटावरचे रस्ते, बागा, नर्सऱ्या अशा पालथ्या घालून जे आजवर इथे नोंदलं गेलं नाही ते शोधायचं, हे त्यांचं काम. लाल माती, उंच गवत, रणगाड्यांच्या नव्हे तरी जड गाड्यांच्या चाकोऱ्या. आणि मग ते दिसतं. फिकट जांभळट पांढऱ्या फुलांचे झुबके, माथ्यावर दाटलेले. पुढच्या सीटवरून ‘थांब’ म्हणेपर्यंत तुमच्या तोंडून नाव निघून गेलेलं असतं.

रानमोडी.

उतरा. पान पाहा, देठापासून निघालेल्या तीन शिरा त्रिशूळासारख्या. चुरडा. तोच वास, घाटातल्या वळणावर गाडीची काच उघडी असली की येणारा. इथे नमुना घेतला जातो, बिशप म्युझियमच्या वनस्पतिसंग्रहाकडे जातो आणि नाव पक्कं होतं, क्रोमोलेना ओडोराटा. हवाई राज्यातली ही पहिली नोंद. लष्कराची वाहनं, बूट, सामान पॅसिफिकभर फिरतं, आणि ग्वामसारख्या बेटांवर हे झुडूप कधीचंच माजलेलं आहे. ते कसं आलं असेल याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही. बी हलकं, वाऱ्यावर तरंगणारं, आणि बारीक कुसांमुळे कपड्याला, केसाला, चिखलाला चिकटणारं.

आतापर्यंत तुम्ही भविष्य माहीत असलेले पाहुणे होता. इथे तुम्ही त्या भविष्यातूनच आला आहात. मूळ अमेरिकेतलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात होतं, पुढे देशभर पसरलं, आणि कोकणच्या, घाटमाथ्याच्या माणसाला ते दाखवून द्यावं लागत नाही. रान तुटलेल्या उतारावर, रस्त्याच्या कडेला, पडीक वरकसात, काजूच्या बागेच्या बांधावर, जिथे ऊन पडतं तिथे ते. गुरं तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात वाळतं आणि वणव्याला हवं तेवढं जळण पुरवतं. वणवा सगळं खाऊन जातो, आणि पहिल्या पावसाबरोबर जळक्या खोडातून पहिला कोंब फुटतो तो याचाच. आपल्याकडे कुणी त्याची पहिली नोंद घेऊन गाडी थांबवली नव्हती. इथल्या रानाला त्याची किंमत मोजावी लागली, ती अजून संपलेली नाही.

तुम्ही हे सगळं सांगता आणि ते दोघं लक्ष देऊन ऐकतात. पुढे काय होणार तेही तुम्हाला माहीत आहे. काहुकूतलं प्रकरण दोनचार झुडपांचं नाही, हे लवकरच कळेल. शेजारच्या मोटोक्रॉसच्या मैदानावर ते सापडेल, म्हणजे दुचाक्यांच्या चाकांबरोबर बेटभर जायची सोय झालेली असेल. वाहनं धुणं, बूट घासणं, पुन्हापुन्हा तीच पाहणी, वर्षानुवर्षं चालेल. ओआहूवर ते आणखी काही ठिकाणी निघेल, आणि २०२१ मध्ये ‘मोठं बेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हवाई बेटावर, हिलोकडे. तरीही बेटांची कितीतरी खोरी अजून मोकळी आहेत, आणि ती मोकळी आहेत कारण कुणीतरी गाडी हळू चालवत होतं.

ती तज्ज्ञ एक झुबका हातात घेऊन उलटसुलट पाहते आणि विचारते, तुमच्याकडे बी कधी धरतं? तुम्ही सांगता, थंडीत फुलतं, आणि जानेवारी सरता सरता बी उडायला लागतं. ती हातातल्या फुलाकडे पाहते, नोंदवहीतली तारीख पाहते. मग गाडीचं मागचं दार उघडून पिशव्यांचा गठ्ठा बाहेर ओढते. एक तुमच्याकडे देते आणि म्हणते, ‘खोडं नंतर. आधी फुलं कापून पिशवीत घाला, एकही खाली पडता कामा नये.’